खालच्या बिछान्याची भिंत

२ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. नमस्कार दुरूनच घे. दिवसभर लोकांच्या कॅम्परमधल्या संडासाच्या टाक्या धुतल्यात. कितीही साबण लावला तरी हे हात पत्राच्या कागदाला लावावेसे वाटत नाहीत, पण उत्तर दिलं नाही तर तू आईकडे चुगली करशील, म्हणून लिहितो.

तू विचारलंस, लहान मुलं घेऊन फिरायला कॅम्पर घ्यायचा तर कुठला घ्यावा, मी जुन्या कॅम्परच्या यार्डात कामाला लागलोच आहे तर सांगावं. सांगतो. कुठलाही घेऊ नये. या चाकांवरच्या घरांत रोज वाकून वाकून माझं मत असं झालंय, की माणूस घरी करतो ती घाण आणि सुट्टीवर जाऊन करतो ती महाघाण. टेबलाखाली च्युइंगम. मोरीच्या जाळीत केसांचे बोळे, तेही तीन रंगांचे. गादीच्या खोबणीत अर्धी चोखलेली गोळी आणि तिच्यावर मुंग्यांचं संमेलन. एका फ्रिजमध्ये बाटली सापडली, त्यात एके काळी दूध होतं असं बाटलीच म्हणत होती, आतल्या ऐवजाने ते केव्हाच नाकारलं होतं.

आणि गिऱ्हाइकं! नवरा येऊन टायरला लाथ मारतो, जसा काही टायर उलटून बोलणार आहे. बायको ड्रॉवर उघडते नि मिटते. मग दोघं मिळून म्हणतात, किती गोड.

पण तू ताई आहेस, आणि हे सगळं चिमणीच्या छातीसाठी चाललंय हे मला कळतं. मागच्या सुट्टीत त्या लॉजच्या ओलसर खोलीत तुझी पोरगी कशी धापा टाकत बसली होती ते आईने सांगितलं. धूळ आणि ओल यांच्यापासून लांब ठेवा असं डॉक्टर म्हणालेत, म्हणजे आपली गाडी, आपली चादर, हे बरोबरच आहे. तेव्हा ऐक. जेवढी डोकी तेवढे पट्टे असलेल्या सीट हव्यात, नुसते बाक नकोत. जेवायच्या टेबलाचा पलंग होतो अशी गाडी घेऊ नका. तुझा मुलगा, आपला पैलवान, सकाळी त्या पलंगावर घोरत असताना तुम्ही चहा काय डोक्यावर ठेवून पिणार? वर-खाली कायमचे बिछाने बघा, वरच्याला कठडा हवा. पायरी पोरांच्या पायाला पुरेल अशी हवी. आणि रंग बघण्याआधी हे बघा, की गाडीत पोर ओकलं तर ते कुठपर्यंत पुसता येईल.

इथे बघण्यासारखं एकच माणूस आहे. गाद्यांच्या खोळी आणि पडदे शिवते, म्हणून सगळे तिला पडदेवाली म्हणतात. तिच्या कोपऱ्यात गेलं की कोऱ्या कापडाचा वास येतो. या सबंध यार्डात तेवढाच एक वास घेण्याजोगा आहे. मी जेवणाच्या सुट्टीत तिच्या मशीनपाशी उभा राहून बोलतो. तिच्या ओठांत टाचण्या असतात त्यामुळे ती फक्त हं म्हणते, पण ते हं असं असतं ताई, की कॉलेजात दोन वर्षांत मला एवढं कोणी समजून घेतलं नाही. कॉलेजवरून आठवलं. आईला सांग, मी परत जाणार नाही. त्याच पिवळ्या वहीतून तेच धडे वाचून दाखवणाऱ्या माणसासमोर बसायची मला किळस आली, उठलो, आलो. विषय संपला.

लोभ आहे तेवढाच ठेव. वाढला की तू उपदेश करतेस.

तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. भडक्यास,

अ. उ. आ. हात धुऊन वाच.

तुझं पत्र जेवणाच्या टेबलावर वाचलं ही माझी चूक. यांनी पुढचा घास ताटात ठेवला आणि म्हणाले, तुझा भाऊ वजन कमी करायचं घरगुती औषध म्हणून विकता येईल.

तुझ्या सूचना मात्र यांनी मनावर घेतल्या आहेत. फार मनावर. रविवारी हॉलमधलं सगळं सामान भिंतीला ढकललं आणि जमिनीवर खडूने अख्खा कॅम्पर काढला. इथे ओटा, इथे संडास, इथे वर-खाली बिछाने. मग हुकूम सुटला, की आजचा दिवस आपण सगळ्यांनी या रेघांच्या आत काढायचा, कोणी रेघ ओलांडली की तो धावत्या गाडीतून पडला असं समजायचं. पैलवान दिवसभर पडत होता. मी ओट्यापाशी वळले की माझी कंबर संडासात जायची, म्हणून यांनी संडास पुसून वीतभर सरकवला. चिमणीने आपली उशी खालच्या बिछान्याच्या रेघेत आणून ठेवली आणि ती उचलायला कोणाची छाती झाली नाही. आठवडा होत आला, मी अजून फरशी पुसलेली नाही. सासूबाई पाहुण्यांना गाडीचा दरवाजा दाखवून आत घेतात.

तर, त्या खडूच्या मापात चपखल बसणारी एक क्रीम रंगाची गाडी तुमच्या यार्डाच्या जाहिरातीत आहे. वर-खाली बिछाने, चार पट्टे, बुटकी पायरी. रविवारी बघायला येतो. तू त्या दिवशी जरा माणसांत राहा. तुझ्या भावजींशी वाद घालू नकोस. फोन हे उचलतात आणि दुसऱ्या वाक्याला तुमचं वाजतं, म्हणून तर आपण दोघं पत्रं लिहीत बसलोय.

आणि ती पडदेवाली. ओठांत टाचण्या धरून दुसरं काय म्हणता येतं रे? हंच ना? पोरीच्या तोंडातल्या टाचण्या काढून एकदा तिचं मत घे, मग समजून घेण्याचं बघू.

आई कॉलेजबद्दल काही बोलत नाही. तुझी पुस्तकं मात्र उन्हात घालते.

माया आहेच, पत्राला उशीर केलास तर व्याजासकट ओरडा मिळेल.

तुझी,
ताई

१३ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. ती गाडी घ्यायची नाही. कारण नंतर वाच, आधी हे वाक्य भावजींना वाचून दाखव. ती गाडी घ्यायची नाही.

काल तुम्ही आलात तेव्हा मी गप्प होतो. एक तर मला काही माहीत नव्हतं, दुसरं म्हणजे पडदेवाली तिथे टेप गळ्यात घालून उभी होती आणि माझ्या अंगाला टाकीचा वास येत होता, म्हणून मी चार हात लांब होतो. चिमणी खालच्या बिछान्यावर चढली, बाजूच्या त्या पिवळ्या मऊ भिंतीला गाल लावून म्हणाली, मी इथेच. भावजी आडवे झाले, उठले आणि खडूबरहुकूम आहे असं सांगून त्यांनी मालकाशी हात मिळवला. पुढच्या शनिवारी गाडी न्यायचं ठरवून तुम्ही गेलात.

मग मी आत गेलो. पैलवानाने बिछान्यावर बूट उमटवले होते ते पुसायला. तोल सावरायला पिवळ्या भिंतीवर हात टेकला तर हात आत गेला. ओल्या पावात बोट जावं तसा. ती नुसती गादी नव्हे ताई, गादीमागचं लाकूड मऊ पडलंय. नाक लावलं तर असा वास, की टाक्या परवडल्या. टाकीची घाण निदान उघड तोंडाने सांगते मी घाण आहे म्हणून. हिने पिवळं झबलं घातलंय! वरच्या खिडकीतून पाणी झिरपत असणार, कोणी बघितलं नसणार, आणि आता रोज झोपताना चिमणीचं नाक त्या भिंतीपासून बोटभर अंतरावर असणार.

मालकाकडे गेलो. ते म्हणाले, जुन्या गाडीला थोडीफार ओल असायचीच, म्हणून तर आतून छान गादी लावतो आपण, मुलांना ऊबही राहते. ऊब! मला त्यांच्या टेबलावरचा चहा त्यांच्याच शर्टावर ओतावासा वाटला.

आणि ती गादी शिवली कोणी? तुला कळलंच असेल. मी तिच्या कोपऱ्यात गेलो आणि सगळ्यांसमोर विचारलं, की पोरांच्या उशाशी बुरशी शिवून ठेवताना हाताला काही होत नाही का. चोर म्हणालो. कोरं कापड घालून सडकं विकणारी म्हणालो. आणखी बरंच म्हणालो. तिने टाचण्या तोंडातून काढल्यासुद्धा नाहीत. इतके दिवस मी त्याच तोंडाकडे बघून जेवत होतो याची मला शिसारी येते. शिसारी आली तरी सकाळी उठल्यावर पहिली तीच आठवते, याची तर जास्तच.

भावजींना सांग, शनिवारी येऊ नका.

माया कर किंवा करू नकोस, पण ऐक.

धाकटा

१५ मार्च

चि. भडक्यास,

अ. उ. आ. तुझं पत्र वाचलं, यांनीही वाचलं, आणि आता तू शांत बसून माझं वाच.

माझ्या लग्नाच्या हॉलमध्ये तुला मेल्या उंदराचा वास आला होता. सगळे पाहुणे उठवून सतरंज्या झाडायला लावल्यास. उंदीर निघाला नाही. होस्टेलचा स्वयंपाकी तुला विष घालत होता. बाकीची पोरं त्याच अन्नावर गुटगुटीत होऊन पास झाली. काकांचं नवं घर तू खुराडं ठरवलंस ते वास्तूच्याच दिवशी, काकूंच्या तोंडावर. तुला सगळ्याचीच घाण वाटते, मग आम्ही कुठली घाण खरी धरायची ते तूच सांग.

हे म्हणतात, गादीवर हात टेकला की हात आत जाणारच, त्यासाठीच गादी असते. शिवाय यांनी मालकांना फोन केला. ते म्हणाले, तुमच्या मेव्हण्याचं आमच्या शिवणकामाच्या मुलीशी काहीतरी बिनसलंय, यार्डात तमाशा केला, तेव्हापासून त्याला सगळंच कुजलेलं दिसतंय. हे ऐकून मला मान खाली घालावी लागली. मागच्या पत्रात तिच्या कोपऱ्याला सुवास होता, या पत्रात ती चोर. मी मध्ये काय समजू?

चिमणीने आपली पिशवी भरून दारात ठेवली आहे. रात्री झोपताना पिवळ्या भिंतीच्या गोष्टी सांगते. मी तिला काय सांगू, मामाचं डोकं फिरलंय म्हणून आपण जायचं नाही?

आम्ही शनिवारी येतोय. तू त्या मुलीची माफी माग. आणि देवाशपथ सांगते, तू आयुष्यात एकदा जरी न ओरडता एखादी गोष्ट सांगितली असतीस, तर आज मी डोळे मिटून ऐकलं असतं.

रागावले आहे, पण तुझीच,
ताई

१६ मार्च

सौ. ताई यांस,

स. न. वि. वि. आपली ओळख नाही. रविवारी गळ्यात टेप घालून गाडीपाशी उभी होते ती मी. पत्ता ऑफिसातल्या पावतीवरून घेतला, त्याबद्दल राग नसावा.

तुमचे भाऊ मला सगळ्यांसमोर चोर म्हणाले. ते रोज दुपारी माझ्या मशीनला टेकून जगातल्या घाणीवर बोलतात, मी टाचण्या धरलेल्या असतात म्हणून हं म्हणते, आणि त्यांना वाटतं मी ऐकते. मला तो माणूस मुळीच आवडत नव्हता, रविवारनंतर तर त्यांचा आवाज ऐकला तरी अंगावर काटा येतो. तुम्ही बहीण आहात, तरी स्पष्ट लिहिते.

आमच्याकडे काम असं चालतं. मला फळ्या आणि फोम आणून देतात, मी टेबलावर त्यांना खोळ चढवते. फळी गाडीत नेऊन भिंतीला स्क्रूने बसवायचं काम सुताराचं. मी शिवते ती भिंत मी कधी बघत नाही. कोणी बघायला सांगितलं नाही आणि मीही म्हटलं नाही. त्यामुळे तुमचे भाऊ खोटं बोलतायत हे दाखवून त्यांच्या तोंडावर फेकायचं, एवढ्याच इराद्याने मी काल सुताराचा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि क्रीम गाडीतली पिवळी फळी उतरवली.

मागची भिंत काळी आहे. खिडकीच्या कोपऱ्यापासून बिछान्यापर्यंत. लाकूड नखाने निघतं. माझ्या फोमला मागून हिरवी लव आली आहे, आणि ती फळी लावून दोन आठवडेसुद्धा झालेले नाहीत. मला ओकारी झाली, खरंच झाली, यार्डाच्या नळापाशी. मालकांना दाखवलं. ते म्हणाले, दुसरी खोळ शिव, जरा जाड फोम घे.

मी शिवली नाही. काम सोडलं. पण याआधी मी पिवळ्या, निळ्या, फुलाफुलांच्या किती फळ्या शिवून दिल्या आणि त्यांच्यामागे काय होतं, त्यांना कोणाकोणाची मुलं टेकून झोपतात, हे मनातून जात नाही. जेवायला बसले की माझ्याच हातांचा वास घेते.

तुमची मुलगी भिंतीला गाल लावून हसत होती. तिला धाप लागते असं तुम्ही मालकांना सांगत होतात, ते मी ऐकलं होतं. सोबत फोमचा तुकडा पाठवते, दुहेरी पिशवीत. उघडताना तिला जवळ ठेवू नका.

हे पत्र लिहिल्याचं भावाला सांगू नये ही विनंती. ते लगेच माफी मागायला येतील, आणि माफीसुद्धा ओरडून मागतील.

कळावे. लोभाची ओळख नाही, तरी राग नसावा.

पडदे शिवणारी

१९ मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. भडक्या असं आज लिहवत नाही.

आम्ही शनिवारी आलो नाही ते तू पाहिलंसच. तुझ्या पडदेवालीचं पत्र आलं. तुला सांगू नका म्हणाली आहे, पण मी सांगणार, कारण तुला कळायला हवं. सोबत नक्कल करून पाठवते. तिचा शब्द मोडल्याबद्दल तिला मी वेगळं पत्र लिहिलंय.

पिशवी यांनी गच्चीवर नेऊन उघडली. खाली आले ते सरळ बेसिनकडे गेले. मग हात पुसत म्हणाले, मी संडाससुद्धा वीतभर सरकवून बघितला गं, पण खडूच्या रेघेला भिंत कुठे असते. मालकांना फोन करून सौदा मोडला. जे बोलले ते मी इथे लिहीत नाही, तुझ्या तोंडचं वाटेल.

तर भिंतीबाबत तू खरा होतास, आम्ही चुकलो. मी तुझं ऐकायला हवं होतं, आणि त्या वासाशेजारी माझ्या पोरीला झोपवायला निघाले होते हे मला खूप दिवस पुरेल. आता दुसरं ऐक. घाण तुला आम्हा सगळ्यांच्या आधी दिसली, पण ती फळी काढून बघायचं तुला सुचलं का? तू बोट घातलंस आणि बोंब मारलीस. तिने तुझा राग आला म्हणून का होईना, चार स्क्रू काढले, आणि जे दिसलं ते स्वतःचं काम घालवून आम्हाला कळवलं. आम्ही तिच्यावर विश्वास ठेवला, कारण ती तुझ्या बाजूची नव्हती.

माफी मागायला जाऊ नकोस. लिही. लिहिताना माणसाचा आवाज चढत नाही, चढला तर खोडता येतो.

यांचा निरोप: पुढची गाडी बघायला तू सोबत हवास. तुझं नाक हवंय, तोंड घरी ठेवून यावं.

आधीच्या पत्रातली रागावणी मागे घेते, माया होती ती तशीच आहे.

तुझी,
ताई

९ मे

स. न. वि. वि.

वर मायना सोडला आहे. प्रिय लिहायचा मला हक्क नाही, आणि कुमारी लिहिलं तर कोर्टाचं समन्स वाटेल.

तुमच्याबद्दल जे बोललो ते चूक होतं. ज्या आवाजात बोललो तेही. यापुढे एक ‘पण’ लिहिला होता, तो खोडला. खालच्या डागावरून तुम्हाला दिसेल की बराच मोठा पण होता.

यार्डातून मला काढलं हे तुमच्या कानावर आलं असेल. निघताना मी ओरडलो नाही, कारण ओरडायला सुरुवात केली तेव्हा मालक फोनवर होते आणि त्यांनी हाताने थांब म्हणून खूण केली. मग दमच गेला.

त्यानंतर भावजी मला घेऊन गावोगाव गाड्या बघत फिरले. मी आत शिरून फळ्या काढून घ्यायचो आणि कोपऱ्याकोपऱ्यात वास घ्यायचो. विकणारी माणसं भावजींना विचारायची, हे कोण, तर भावजी म्हणायचे, आमचे तज्ज्ञ. किती गाड्यांतून मी तोंड वाकडं करून बाहेर आलो ते विचारू नका. एका गाडीत तर गालिच्याखाली मेलेला उंदीर होता. खराखुरा! मी तो शेपटीला धरून भावजींना दाखवला आणि ताईच्या लग्नातला हिशेब चुकता करा म्हणालो. त्यांनी कपाळाला हात लावला.

शेवटी ताईने एक विटकरी रंगाचं खोकं घेतलं. दिसायला इतकं भिकार, की पार्किंगमध्ये लोक त्याच्यापासून अंतर ठेवून गाडी लावतात. आतून सगळ्या भिंती उघड्या पत्र्याच्या, रंग उडालेला, पण कोरड्या ठणठणीत. तुम्ही ताईला पडदे शिवून दिलेत, भिंतीला मात्र काही लावणार नाही असं बजावलंत, ते तसंच ठेवलंय. चिमणी पिवळ्या भिंतीसाठी दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी तिने पत्र्यावर खडूने एक खिडकी आणि तिच्यात एक बाई काढली. बाईच्या तोंडात टाचण्या आहेत.

काल पहिल्या सहलीहून परत आलो. तलावाकाठी होतो. गाडीत माझ्यासाठी जागा नव्हती म्हणून मी बाहेर तंबूत झोपलो, आणि मला सगळ्याची किळस आली हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. डास, दवाने भिजलेली चादर, शेजारच्या तंबूतल्या गृहस्थांचं घोरणं, पैलवानाने माझ्या बुटात ठेवलेला बेडूक. सकाळी डोळे उघडले तर चिमणी गाडीच्या पायरीवरून उतरत होती. ताई दारात उभी होती आणि तिच्याकडे बघत होती, लॉजनंतर ती रोज सकाळी बघते तशी.

चिमणी पळत निघाली. पाण्यापर्यंत गेली, पाण्याला हात लावला, तशीच पळत चढ चढून माझ्या तंबूशी आली, आत डोकं घातलं, आणि मामा तुझ्या मोज्यांचा, तुझ्या चादरीचा आणि तुझ्या सगळ्याचाच इतका घाण वास येतो की आमच्या गाडीत तू कधी म्हणजे कधीच झोपायला येऊ नकोस असं मला सुनावून गेली. मध्ये कुठेही न थांबता. एका दमात.

ताई दारातच खाली बसली. ती रडत होती की हसत होती ते मला लांबून कळलं नाही, आणि मला विचारायला जावंसं वाटलं नाही, कारण माझंही काही खरं नव्हतं.

हे तुम्हाला कळवायला हवं होतं म्हणून लिहिलं. उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. चालणार नाही, पण मी ओरडणार नाही.

आपला,
चिमणीचा मामा